गाडीच्या विम्यातली सूट : आधी विचारा, टक्के कशाचे?



इयत्ता आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे. छापील किंमत, सूट, विक्री किंमत. मुलांना हे लवकर येतं, कारण वाटूर फाट्यावरच्या कापडाच्या दुकानापासून मंठ्याच्या बाजारापर्यंत सगळीकडे 'इतके टक्के सूट' अशी पाटी त्यांनी पाहिलेली असते. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हे प्रकरण शिकवत होतो. मुलांना सांगितलं होतं, घरात सुटीचा कोणताही कागद असेल तर उद्या आणा. कुणी साड्यांची जाहिरात आणली, कुणी मोबाइलच्या दुकानाचं बिल. एका मुलाने वडिलांच्या मोबाइलवरचा मेसेज वहीत उतरवून आणला होता. 'आपल्या कारचा विमा संपला आहे. ५० टक्के बोनस वाचवा.'

तो म्हणाला, "सर, म्हणजे निम्मेच पैसे लागतील ना?"

मी पटकन 'हो' म्हणणार होतो. मग थांबलो. कारण मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. माझ्या गाडीचा विमा मी दरवर्षी भरतो, पण पॉलिसीचा कागद कधी ओळीने वाचला नव्हता. त्या संध्याकाळी वाचला. आणि लक्षात आलं, की आठवीचं गणित येणाऱ्या माणसाला हा कागद कळू शकतो. फक्त प्रत्येक टक्क्यापुढे एक प्रश्न विचारायचा : टक्के कशाचे?

हा पाठ त्याच प्रश्नाचा आहे. वर्गात घ्या, घरी घ्या, आणि आपल्या कपाटातली पॉलिसी समोर ठेवून वाचा.

१. बिलाचे दोन भाग

गाडीच्या पूर्ण विम्याचं बिल मुख्यतः दोन भागांचं असतं.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं, कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई या भागातून होते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी कारसाठी वर्षाला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. आपण भराल तेव्हाचा चालू दर पाहून घ्या. पण दर ठरलेला असल्यामुळे इथे घासाघीस चालत नाही, हे पक्कं.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर वगैरे. हा भाग ऐच्छिक आहे. १ जानेवारी २००७ पासून याचे दर कंपन्यांना मोकळे झाले. म्हणून एकाच गाडीसाठी चार कंपन्या चार आकडे सांगतात. सवलती बहुतेक सगळ्या याच भागात असतात.

या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी लागतो.

आता त्या मुलाचा प्रश्न सोडवू. वडिलांची गाडी १,२०० सीसीच्या आसपासची पेट्रोल कार. विम्यासाठी धरलेली किंमत, जिला आयडीव्ही म्हणतात, ती ४ लाख रुपये धरू. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये धरू. हे ८,००० मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, आपल्या कागदावर वेगळा आकडा असेल. (मालकाच्या अपघात विम्याची छोटी रक्कम असते, ती इथे सोडून दिली आहे.)

बोनस नसेल तर : ८,००० + ३,४१६ = ११,४१६. त्यावर जीएसटी २,०५५. एकूण १३,४७१ रुपये.

५० टक्के बोनस असेल तर : ४,००० + ३,४१६ = ७,४१६. त्यावर जीएसटी १,३३५. एकूण ८,७५१ रुपये.

वाचले ४,७२० रुपये. एकूण बिलाच्या सुमारे ३५ टक्के. म्हणजे मेसेज खोटा नव्हता, पण 'निम्मेच पैसे' हेही खरं नव्हतं. पन्नास टक्के होते ते फक्त ओन डॅमेजचे.

फळ्यावर हे मांडल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग बाकीच्यांनी पण फसवलं असंल." त्या दिवशी सगळ्या जाहिराती पुन्हा तपासल्या गेल्या.

२. सर्वांत मोठी सूट आपणच कमावतो

या बोनसचं नाव नो क्लेम बोनस. लोक त्याला एनसीबी म्हणतात. वर्षभर ओन डॅमेजचा क्लेम घेतला नाही, तर पुढच्या वर्षी २० टक्के. सलग दोन वर्षं नाही घेतला तर २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५, आणि पाच वर्षं ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही.

एक क्लेम घेतला, की साधारणपणे हा बोनस शून्यावर येतो आणि चढण पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते.

म्हणून बंपरला थोडं खरचटलं की लगेच क्लेम टाकणं नेहमी फायद्याचं नसतं. समजा दुरुस्ती ५,००० रुपयांची आहे. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममधले पहिले १,००० रुपये आपणच सोसायचे असतात. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. हातात आले तर जास्तीत जास्त ४,००० येतील, बहुतेक त्याहूनही कमी.

आता गमावलं काय ते पाहा. ५० टक्क्यांवर असलेल्या माणसाने क्लेम घेतला, तर पुढच्या वर्षांत त्याला बोनस मिळेल ० , २०, २५, ३५, ४५ असा. क्लेम घेतला नसता तर प्रत्येक वर्षी ५० मिळाला असता. दरवर्षीचा फरक झाला ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. बेरीज १२५ टक्के. ८,००० चे १२५ टक्के म्हणजे १०,००० रुपये. जीएसटी धरून ११,८०० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. तरी चार हजारांसाठी दहा हजारांच्या घरातलं पाणी सोडायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

याचा अर्थ क्लेम घ्यायचाच नाही असा नाही. विमा मोठ्या नुकसानीसाठीच असतो. गाडी नाल्यात गेली, ७० हजारांचं काम निघालं, तर अजिबात संकोच करू नका. आणि दुसऱ्या कुणाला दुखापत झाली असेल तर तिथे बोनसचा हिशेब मनातही आणू नका. पोलिसांना आणि कंपनीला कळवायचंच.

३. सोयाबीन आणि नव्वद दिवस

आता त्या मेसेजचा दुसरा अर्धा भाग. 'विमा संपला आहे.'

मुलाला विचारलं, "कधी संपला रे?" त्याने वहीत पाहिलं. १२ ऑगस्ट. आणि आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर होतो.

"पप्पा म्हणले, सोयाबीन विकलं की भरू."

पालकांनो, आपल्या भागात हे सगळ्यांच्या घरचं आहे. जून-जुलैत खतं-बियाण्यात हात रिकामा होतो, शाळेची वह्या-पुस्तकं त्याच वेळी, आणि पैसा येतो तो सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर. भाव पडलेला असला की माणूस आणखी थांबतो. चूक कुणाची म्हणायची? पण विम्याची तारीख मोंढ्याचा भाव बघत नाही.

नियम असा आहे : पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर कमावलेला सगळा एनसीबी जातो. पाच वर्षांची पुण्याई एका दिवसात.

मुलांना म्हटलं, मोजा. ऑगस्टचे उरलेले १९, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१. झाले ८०. अजून १०. उत्तर आलं १० नोव्हेंबर. दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्या माणसाची तारीख हातातून निसटायला वेळ लागत नाही.

पण याहून मोठी गोष्ट मुलांना सांगायची होती. हे ९० दिवस फक्त बोनससाठी आहेत. संरक्षणासाठी नाहीत. १२ ऑगस्टची मध्यरात्र उलटली की त्या गाडीला विमा नव्हता. त्या दोन महिन्यांत ती गाडी जालन्याला दवाखान्यात जाऊन आली होती, लग्नाला जाऊन आली होती. त्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात, रात्री बिनदिव्याच्या मोटारसायकली येतात, कडेने माणसं पायी चालतात. एखाद्याला धक्का लागला असता, तर भरपाई त्या बापाच्या शेतावर आली असती. आणि ज्याला लागलं त्याचं काय? त्याच्या घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं?

विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये, असं कलम १९६ सांगतं. पण मला दंडापेक्षा तो रस्त्यावरचा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांनाही तेच जास्त पटलं.

दोन दिवसांनी ते वडील शाळेच्या फाटकापाशी आले. हसत म्हणाले, "सर, पोरानं घरात भांडण लावलं की हो. गाडीची चावीच लपवून ठेवली."

"मग काय केलं भाऊ?"

"काय करावं? चार कट्टे विकले अन् भरला. पन्नास टक्के वाचले. कंपनीनं गाडीचे फोटो मागितले, ते बी पोरानंच काढले."

पॉलिसीत खंड पडला की कंपनी पूर्ण विमा देण्याआधी गाडी तपासते, हे त्यांच्यामुळे मलाही कळलं. तपासणी होऊन नवी पॉलिसी येईपर्यंत गाडी त्यांनी अंगणातच ठेवली होती. मला ते फार आवडलं.

यातून एक व्यवहारी उपाय निघाला. पूर्ण हप्त्याची सोय होत नसेल तरी थर्ड पार्टीचा विमा संपू देऊ नका. आणि पुढच्या वर्षासाठी सोयाबीन विकल्या दिवशीच विम्याचे पैसे बाजूला काढून ठेवा.

४. दारातली मोटारसायकल विसरू नका

सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हे झालं. सोय चांगली आहे, पण पाच वर्षं काही भरावं लागत नाही म्हणून सहाव्या वर्षी लोक विसरूनच जातात. आपल्या गाडीचा कागद आजच काढून तारीख पाहा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी दर ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३. दंड २,०००. हे गणित पाचवीचं पोरगंही करील.

५. गाडी विकताना बोनस विकू नका

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. हे वाक्य मुलांना वहीत लिहायला लावलं.

आमच्या एका सहकाऱ्याने जुनी गाडी मेहुण्याला दिली आणि दसऱ्याला नवी घेतली. त्यांचा ५० टक्के बोनस होता. शोरूममध्ये गर्दी, पूजा, पेढे. विम्याच्या कागदावर सही केली. बोनसच्या रकान्यात शून्य. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता मोठा असतो. तो १८,००० धरला तर निम्मे म्हणजे ९,००० रुपये, वर जीएसटी, सरळ सोडून दिले. त्यांना कळलं ते वर्षभराने, स्टाफरूममध्ये हाच विषय निघाला तेव्हा.

काय करायला हवं होतं? जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. नवी गाडी त्याच प्रकारची हवी, म्हणजे कारचा बोनस कारला, दुचाकीचा दुचाकीला. कंपनी बदलली तरी बोनस सोबत येतो. आणि शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असं बंधन नाही. बाहेरचं कोटेशन आधीच काढून खिशात ठेवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी उलट बाजू लक्षात ठेवावी. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. नाहीतर थर्ड पार्टीचं संरक्षण राहिलं तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. मालकाचा मृत्यू झाला आणि गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील यांच्याकडे आली, तर मात्र बोनस त्यांच्याकडे येऊ शकतो. दुःखात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

६. लहान सवलती : टक्क्यांबरोबर कमाल मर्यादाही पाहा

जुन्या मोटार टॅरिफमध्ये काही सवलती लिहिलेल्या आहेत. आता कंपन्यांचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, पण विचार करण्याची रीत तीच.

*चोरीविरोधी यंत्र.* पुण्याच्या 'एआरएआय' संस्थेने मान्य केलेलं यंत्र असेल तर ओन डॅमेजवर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये. आपल्या ८,००० वर होतात २००. त्यावर ५० टक्के बोनस लागल्यावर खरी बचत १००, जीएसटी धरून ११८ रुपये. तेव्हा सुटीसाठी यंत्र बसवू नका. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवा, आणि बसवलंच असेल तर प्रमाणपत्र दाखवून सूट मागा.

*ऑटोमोबाईल असोसिएशनचं सदस्यत्व.* मान्य संघटनेचे सदस्य असाल तर ५ टक्के, कमाल २०० रुपये. सदस्यत्वाची वर्गणी आणि हे २०० शेजारी-शेजारी लिहून पाहा.

*दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेली गाडी.* ओन डॅमेजवर ५० टक्के. ही मोठी सवलत आहे. आपल्या ओळखीत कुणी असेल तर जरूर सांगा.

*जास्त वाटा स्वतः सोसण्याची तयारी.* क्लेममधले आणखी ५,००० रुपये मी सोसतो असं लिहून दिलं, तर २५ टक्के सूट, पण कमाल १,५००. आपल्या ८,००० चे २५ टक्के २,००० होतात, मिळतात १,५००. बोनसनंतर त्याचे राहिले ७५०, जीएसटी धरून ८८५ रुपये वर्षाला. पाच-सहा वर्षांत एकदाही क्लेम आला नाही तर फायदा, आला तर ५,००० गेले. लहान क्लेम तसेही न घेणाऱ्या सावध चालकाला हे जमू शकतं. मुलगा नुकताच गाडी शिकतोय अशा घराने थांबावं.

*कमी वापर.* जुलै २०२२ पासून जितकी गाडी चालवाल त्या हिशेबाने हप्ता, आणि एकाच मालकाच्या सगळ्या गाड्यांना मिळून एक पॉलिसी, अशा सोयी कंपन्यांना देता येतात. आठवड्यातून एकदा बाजाराला निघणाऱ्या गाडीसाठी विचारून पाहा. ठरलेले किलोमीटर ओलांडले तर काय होईल, हे लेखी घ्या.

*नोंदणीचं गाव.* टॅरिफमध्ये मुंबई, पुणे आणि आणखी सहा महानगरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' विभागात. 'ब' चा दर थोडा कमी. आपली एमएच-२१ जालन्याची, म्हणजे 'ब'. फाट्यावर राहण्याचा एवढा तरी फायदा.

*इलेक्ट्रिक गाडी.* थर्ड पार्टीत सहसा सूट नसते, पण इथे सरकारनेच १५ टक्के दिली आहे, आणि हायब्रीडला ७.५ टक्के.

७. सवलत कोणती आणि कपात कोणती?

या पाठाचा गाभा इथे आहे. संरक्षण तेवढंच राहून पैसे कमी झाले, तर ती सवलत. संरक्षणच कमी करून पैसे कमी केले, तर ती कपात. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पहिलं उदाहरण आयडीव्हीचं. एक एजंट आठ हजारांत विमा देतो, दुसरा 'साहेब, सातातच करून देतो' म्हणतो. पाहा, आयडीव्ही ४ लाखांची ३ लाख तर केली नाही ना. आपल्या उदाहरणात एवढं केल्यावर वाचतात १,१८० रुपये. पण गाडी चोरीला गेली तर मिळतील एक लाख रुपये कमी. ते लाख भरून निघायला ८४ वर्षांहून जास्त काळ १,१८० वाचवावे लागतील.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. कारच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण साडेसात लाखांपर्यंत असतं. ते ६,००० रुपयांवर आणायला तयार असाल तर टॅरिफप्रमाणे १०० रुपये कमी होतात. शंभर रुपयांसाठी साडेसात लाखांचे सहा हजार! मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, हे लिहिलेलं कुठं असतं?" तोच खरा प्रश्न.

तिसरं उदाहरण मात्र खऱ्या बचतीचं. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. एका गाडीबरोबर घेतला असेल, किंवा तेवढा अपघात विमा वेगळा असेल, तर दुसऱ्या गाडीला पुन्हा घ्यायची गरज नाही. कार आणि स्कूटर दोन्ही एकाच्याच नावावर असणाऱ्यांनी पाहा, दोनदा तर भरत नाही ना. आणि गाडी आईच्या नावावर, आईकडे लायसन्स नाही, तर तो अपघात विमा तिला लागूच होत नाही.

आणि हो, बोनस नसताना 'आहे' असं सांगून हप्ता कमी करून देणारेही भेटतात. ते ना सवलत ना कपात, ते खोटं. क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडे चौकशी होते आणि ओन डॅमेजचा क्लेम धोक्यात येतो. सही आपली असते, एजंटची नाही.

८. वीस आणि पन्नास म्हणजे सत्तर नव्हे

कंपनी म्हणते आमची २० टक्के सूट, शिवाय तुमचा ५० टक्के बोनस. मुलं लगेच म्हणतात सत्तर. पण बोनस उरलेल्या रकमेवर लागतो. ८,००० चे झाले ६,४००, त्याचे निम्मे ३,२००. म्हणजे एकूण सूट ६० टक्के. पुस्तकातलं लागोपाठ सुटीचं गणित याहून जिवंत कुठे मिळेल?

म्हणून कोटेशनची तुलना करताना टक्के बघूच नका. तीन कोटेशन घ्या आणि चार गोष्टी सारख्या आहेत का पाहा : आयडीव्ही, स्वतः सोसायची रक्कम, झिरो डेप वगैरे जोडण्या, आणि मालमत्तेची मर्यादा. त्या सारख्या झाल्यावर शेवटचा आकडा बघा. १ सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजचा विमा स्वतंत्रही घेता येतो, थर्ड पार्टी दुसऱ्या कंपनीची असली तरी चालते. तेव्हा तीन वर्षं अडकलो असं समजू नका.

पैसे भरल्यावर काही दिवसांनी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख चढली का तेही पाहा. बनावट पॉलिसी हा सगळ्यांत महाग 'स्वस्त' विमा. कंपनीशी वाद झाला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. तिथे दाद नाही लागली तर विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक, आणि त्यानंतर आपल्यासाठी पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय.

९. शाळेपुरतं थोडं

संस्थाचालकांनी लक्ष द्यावं, २०२२ च्या दरपत्रकात शिक्षणसंस्थांच्या बसला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट दिलेली आहे. बिलात ती दिसते का पाहा.

आणि अप-डाउन करणाऱ्या मित्रांनो, खासगी कारची पॉलिसी भाड्याने माणसं नेण्यासाठी नसते. मित्र म्हणून सोबत जाणं वेगळं आणि सीटमागे भाडं घेणं वेगळं. मुलांना खासगी गाडीतून पैसे घेऊन पोचवणाऱ्यांनाही पालकांनी एकदा विचारावं : विमा कोणत्या प्रकारचा आहे? हप्ता कमी यावा म्हणून खासगी दाखवलेली गाडी, आणि आत आपली लेकरं, ही बचत कुणालाच परवडणारी नाही.

स्वाध्याय

१. १,००० ते १,५०० सीसी कारचा थर्ड पार्टी दर ३,४१६ रुपये आहे. त्यावर १५ टक्के सूट दिली तर किती रुपये होतील? (३० ते ६५ किलोवॉट इलेक्ट्रिक कारचा दर २,९०४ रुपये आहे. आपलं उत्तर पडताळून पाहा.)

२. ओन डॅमेज हप्ता ६,००० रुपये. कंपनीची सूट ३० टक्के, त्यानंतर बोनस ३५ टक्के. हप्ता किती उरला? एकूण सूट शेकडा किती?

३. पॉलिसी २० सप्टेंबरला संपली. बोनस वाचवण्याचा नव्वदावा दिवस कोणता? विमा नसलेला पहिला दिवस कोणता? दोन्ही उत्तरं वेगळी का आहेत, ते दोन ओळींत लिहा.

४. घरातल्या प्रत्येक गाडीच्या विम्याची शेवटची तारीख विचारून वहीत लिहा. संपलेली असेल तर घरी सांगा.

चौथ्या प्रश्नाला गुण ठेवले नव्हते. तरी सगळ्यांनी केला. आमच्या वर्गात मोटारसायकली धरून नऊ गाड्यांची तारीख उलटून गेलेली निघाली. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांतल्या सहांचा विमा भरला गेला. उरलेल्या तिघांच्या घरी मी अजून विचारतोच आहे.

आपल्या वर्गात हा पाठ घेतला तर सुरुवात स्वतःच्या पॉलिसीपासून करा. मुलांसमोर कागद उघडा आणि त्यांनाच विचारू द्या : सर, टक्के कशाचे?